लुंगझोलचा ओळ सांगणारा

लुंगझोल गावात गाता न येणं म्हणजे जवळजवळ अपंगत्वच. तिथली पोरं सुरात रडतात असं बाहेरचे लोक चेष्टेने म्हणतात, आणि गावकरी ती चेष्टा आहे असं मानत नाहीत. सरपणाच्या मोळ्या पाठीवर घेऊन चार माणसं चढण चढत असली, तरी चौघांचे सूर वेगवेगळे असतात आणि तरीही एकमेकांत नीट बसतात. अशा गावात हौलियाना जन्माला आला. देवाने त्याच्या गळ्यात जे काही घातलं होतं, त्याला सूर म्हणायला त्याची आईसुद्धा तयार नव्हती.

एकोणिसाव्या वर्षी तो चर्चच्या मंडळीच्या गायनवृंदात गेला, कारण त्या वयाची सगळीच मुलं जात. नाताळ आठ दिवसांवर आला तेव्हा मास्तरांनी त्याला बाजूला घेतलं.

"हौलियाना, तू मागच्या रांगेत उभा राहा. ओठ हलव, आवाज काढू नकोस. देव सांभाळून घेईल रे, पण शेजारच्या गावचे पाहुणे यायचेत."

दोन वर्षं तो नुसते ओठ हलवत राहिला. ओठ हलवायचे तर निदान शब्द तरी बरोबर हवेत, म्हणून त्याने शब्द पाठ केले. नाताळची गीतं, पुनरुत्थानाची गीतं, म्हाताऱ्यांना येणारी आणि पुस्तकात कधीच न छापलेली शोकगीतं, सगळी. कुणाला याचा पत्ता नव्हता. पत्ता लागला तो फक्त रोथुआमीला. ती पुढच्या रांगेत उभी राही आणि प्रार्थनेत डोळे मिटायचे सोडून मागे वळून बघायची तिला वाईट सवय होती.

मग वरच्या आळीत एक म्हातारी वारली. लुंगझोलला शोकाच्या घरात पुस्तक हातात धरत नाहीत. डोळे भरलेले असतात, माणसं खांद्याला खांदा लावून बसलेली असतात, ढोल वाजत असतो. एक माणूस प्रत्येक ओळ गायच्या आधी नुसती बोलून सांगतो, आणि ती ओळ सगळं घर उचलतं. हे काम करणारा म्हातारा त्या दिवशी खोकून खोकून बेजार झाला. दुसरं गीत मधेच अडकलं. रोथुआमीने मागे सरकून हौलियानाच्या बरगडीत कोपर मारलं.

"तुला सगळ्या ओळी येतात. सांग ना."

"मला गाता येत नाही."

"गायला कोण सांगतंय तुला? देवाने सूर आम्हाला दिलेत, शब्द तुला दिलेत. बोल आता, नाहीतर मी तुझं नाव पुकारीन."

तो बोलला. कोरडा, स्वच्छ आवाज, घळीच्या पलीकडच्या माणसालाही कळेल असा. ढोलाला ओळ वेळेवर मिळाली आणि घर पुन्हा गाऊ लागलं. घरी जाताना मास्तरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. आपणही देवाच्या काही उपयोगाचे आहोत, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. पुढच्या वर्षी त्याने रोथुआमीशी लग्न केलं. दोघांना एकच मुलगी झाली, मेंगी, ती पुढे दोन डोंगर ओलांडून पलीकडच्या गावात दिली.

इथवरची गोष्ट उपासनेत साक्ष म्हणून सांगण्यासारखी आहे, आणि हौलियाना ती सांगतही असे, वर्षातून दोनदा, अर्धा अर्धा तास. पुढची गोष्ट मात्र तो कधी सांगत नसे.

चाळीस वर्षं गावातल्या प्रत्येक मयताच्या घरी भिंतीजवळचा बसायचा वेताचा मोढा त्याच्यासाठी राखलेला असे. दुसरं त्याच्याकडे होतं तरी काय? डोंगरउतारावरचं शेत बेताचंच पिकायचं. मंडळीच्या पंचांच्या निवडणुकीत त्याचं नाव तीनदा पुढे आलं आणि तीनदा पडलं. शिकारीला गेला तर बरोबरच्या माणसांना उशीर व्हायचा. पण कुणी मेलं, की पहिलं बोलावणं त्याला. पोरं आदराने "पु हौलियाना" म्हणून वाट करून द्यायची, त्याच्या बायकोला "पी" म्हणायची. एखादा गाणारा ओळ चुकला, तर तो ढोल थांबवून चूक सुधारायचा. मयताच्या घरात, रडणाऱ्या माणसांसमोर! लोक तेही ऐकून घेत. हळूहळू देवाने दिलेली देणगी त्याच्या मालकीची होऊन बसली.

अकरा वर्षांपूर्वी खालच्या आळीत एक तरुण माणूस पुरात गेला. त्या घरी ओळ सांगताना हौलियानाला ठसका लागला. क्षणभरच. तेवढ्यात मुलींच्या घोळक्यातून कुणीतरी पुढची ओळ सांगितली. स्पष्ट, शांत, बरोबर वेळेवर. घराने ती उचलली आणि गीत पुढे गेलंसुद्धा. बोलली होती झोनुनसियामी, विणकरणीची चौदा वर्षांची पोर. तिला सगळे सियामी म्हणत. गीत संपल्यावर हौलियानाने मान वळवली.

"माझा घसा अजून शाबूत आहे, पोरी. मेलो की तुला निरोप धाडीन."

शोकाच्या घरातही लोक हसले. ढोल वाजवणाराही हसला. सियामी कानापर्यंत लाल झाली आणि उठून चहाचे कप विसळायला गेली. त्यानंतर तिचा आवाज मयताच्या घरी कुणी ऐकला नाही.

रोथुआमी त्या दिवशी हसली नव्हती. वाटेत ती म्हणाली, "मेंगीच्या बापा, त्या पोरीला तुझ्याइतकंच येतं."

"ऐकलं मी."

"ऐकलंस तर मग तिला सांग. 'पोरी, देवाने हे तुला दिलंय,' एवढंच. तिला कुणीतरी सांगायला हवं. मला येतं असं आपणहून म्हणायला गेली तर लोक तिला आगाऊ म्हणतील."

"सांगीन की. पळून चाललीय का ती?"

हे "सांगीन" अकरा वर्षं चाललं. कधी आठवड्याला, कधी महिन्याला रोथुआमी विचारायची. भात वाढताना विचारायची, सुपारी कातरताना विचारायची. तो कधी चिडायचा, कधी हसण्यावारी न्यायचा. खरं म्हणजे त्याला भीती होती. तिला सांगितलं तर मोढा तिला द्यावा लागेल, आणि मोढा गेल्यावर हौलियाना नावाच्या माणसाचं गावाला काय काम? हे त्याने बायकोला कधी सांगितलं नाही. तिला ते ठाऊक होतं, म्हणूनच ती पुन्हा पुन्हा विचारायची.

मग रोथुआमीच्या पोटात गाठ निघाली. शहरातल्या डॉक्टरांनी बघून तिला घरी घेऊन जायला सांगितलं. मेंगी आली. थंडीचे दिवस होते, चुलीजवळ अंथरूण घातलं होतं आणि गाव येऊन जाऊन होतं. कुणी कोंबडी आणून देई, कुणी लाकडं फोडून देई. एका सोमवारी खोलीत दोघंच होती.

"मी गेले की इथे ओळी कोण सांगणार रे?"

"मी आहे ना."

"तू तर असशीलच. तुझ्या मयतालाही तूच सांगशील." ती हसली आणि हसताना तिला कळ आली. कळ ओसरल्यावर तिने विचारलं, "पोरीला सांगितलंस?"

"सांगीन. तू आधी पेज घे."

तिने पेज घेतली नाही.

बुधवारी दुपारी तो लाकडं रचून घरात आला, तेव्हा रोथुआमी उशीला टेकून बसलेली होती. चेहरा उजळलेला. मेंगी म्हणाली की आईने आज दोन चमचे पेज घेतली. हौलियाना जवळ बसला, तसा तिने त्याचा हात हातात घेतला.

"बरं केलंस," ती म्हणाली. "उशीर केलास, पण बरं केलंस."

लाकडं रचली म्हणून म्हणत असेल, असं त्याला वाटलं. तो म्हणाला, "त्यात काय एवढं." ती त्यावरही हसली. गुरुवारी सकाळी ती गेली.

गावात निरोप फिरला. तरुण मुलं कुदळी घेऊन दफनभूमीकडे निघाली, बायकांनी चुलीचा ताबा घेतला, आणि दुपारपर्यंत घर माणसांनी भरलं. ढोल आला. मोढा आपोआप भिंतीजवळ ठेवला गेला, सवयीने, आणि ठेवणाऱ्याला ठेवल्यावर कळलं की आज त्यावर बसायला कुणी नाही. मंडळीचे पंच थनचुंगा खाकरले. हौलियानापेक्षा ते चार वर्षांनी लहान होते आणि निवडणुकीत तिन्ही वेळा जिंकलेले होते.

"पु, आज तुम्ही मेंगीजवळ बसा. आज आपण पुस्तकातून म्हणू."

"पुस्तकातून? माझ्या घरात?"

"घरच्या माणसाने सांगायच्या नसतात हो ओळी. आईच्या आणि भावाच्या वेळीही तुम्ही ऐकलं नाहीत."

"मग सांगणारा आणा दुसरा," हौलियाना म्हणाला आणि मोढ्यावर जाऊन बसला. दुसरा कुणी नव्हता. नव्हता, कारण त्याने होऊ दिला नव्हता, आणि हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं.

पहिल्या गीताची पहिली ओळ त्याने सांगितली. आवाज जरासुद्धा हलला नाही. दुसरी सांगितली, तिसरी सांगितली. लोक गायले. मेंगी आईच्या पायाशी बसून बापाकडे बघत होती, जणू हा माणूस कुठल्या दुसऱ्याच मयताला आलाय. पहिलं कडवं झालं. दुसऱ्या कडव्याची पहिली ओळ झाली, दुसरी झाली. तिसरी आली नाही.

त्याने तोंड उघडलं. काही आलं नाही. चाळीस वर्षं जिथे शब्द होते तिथे आता फक्त रोथुआमीचा हात होता, चादरीबाहेर राहिलेला, नखं कापायची राहून गेलेला. ढोलवाल्याने चार ठोके वाट बघितली, मग आणखी चार. मग ढोल थांबला.

चुलीच्या खोलीच्या दारात सियामी चहाचं ताट घेऊन उभी होती. तिचे ओठ हलत होते. ती तिसरी ओळ म्हणत होती. आवाज नव्हता. हौलियानाने ते बघितलं. गायनवृंदाच्या मागच्या रांगेत दोन वर्षं त्याने हेच केलं होतं. आवाज न काढता ओठ कसे हलवायचे, ते त्याच्याइतकं कुणाला कळणार? आणि या पोरीला ते शिकवलं होतं त्यानेच.

थनचुंगांनी चष्मा शोधला, पुस्तक शोधलं, पान शोधलं. गीत कसंबसं संपलं. त्यानंतर सगळं पुस्तकातून झालं, आणि रोथुआमीला दफनभूमीत नेलं तेही अडखळत्या गाण्यानेच. ज्या बाईचा सूर गावात सगळ्यांत पक्का होता, तिला असं जावं लागलं.

संध्याकाळी गाव पुन्हा येऊन बसलं. तीन दिवस गाव शोकाच्या घराला एकटं सोडत नाही. हौलियाना मोढ्याकडे गेला नाही, कुणी त्याला जा म्हटलंही नाही. पुस्तकातली दोन सोपी गीतं झाली आणि लोक चहा पिऊन लवकर उठले.

शुक्रवारी सकाळी भात खाऊन तो सियामीच्या घरी गेला. ती ओसरीत मागाचा पट्टा कमरेला बांधून बसली होती. पट्टा सोडून ती उठू लागली, तर त्याने हातानेच बस म्हटलं. तो उभाच राहिला. दुसऱ्यांच्या ओळी सांगण्यात जन्म गेलेला माणूस. स्वतःचं एक वाक्य त्याला जमेना. शेवटी तोंडातून निघालं ते भलतंच.

"काल तुला ती ओळ येत होती."

"हो, पु."

"मग सांगितली का नाहीस? तुझ्या पीचं मयत होतं. तिने तुला किती जीव लावला!"

सियामीने धागा ओढला, फणी ठोकली. "तुमचा घसा शाबूत होता ना, पु."

तो ओसरीच्या पायरीवर बसला. खाली घळीत कुणाचं तरी कुत्रं भुंकत होतं. मग सियामीचे हात थांबले.

"पी दर रविवारी उपासनेनंतर इथे थांबायच्या. अकरा वर्षं. विचारायच्या, यांनी तुला काही सांगितलं का गं? मी म्हणायचे, नाही, पी. मग म्हणायच्या, सांगतील हो, माणूस वाईट नाही, जरा हळू आहे. मी विचारायचे, काय सांगणार आहेत? तर म्हणायच्या, ते त्यांच्याच तोंडून ऐक. कधीकाळी मी त्यांना सांगितलं होतं, आता त्यांनी कुणाला तरी सांगायला नको का?"

हौलियानाने मान वर करून तिच्याकडे बघितलं.

"बुधवारी मी त्यांना बघायला आले होते. तुम्ही मागे लाकडं रचत होता. त्यांनी पुन्हा विचारलं." सियामीने मान खाली घातली. "मी खोटं बोलले, पु. म्हटलं, हो, सांगितलं त्यांनी. त्यांना इतका आनंद झाला, मेंगीताईला म्हणाल्या, पेज आण. देव मला माफ करो. मरणाऱ्या माणसाशी खोटं बोलले मी."

बरं केलंस, ती म्हणाली होती. उशीर केलास, पण बरं केलंस. आणि हौलियानाने सांगितलं होतं, त्यात काय एवढं.

तो पायरीवर तसाच बसून राहिला. न केलेल्या कामाची शाबासकी घेऊन त्याने बायकोला मातीत ठेवलं होतं. आता ती परत करायला माणूस नव्हता. एवढंच हातात होतं, की पोरीचं खोटं खरं करायचं.

"सियामी, ते तुला देवाने दिलंय," तो म्हणाला. "मला त्याच दिवशी कळलं होतं. तू चौदाची होतीस. तुझी ओळ माझ्यापेक्षा बरी पडली होती. मला राग आला, तो त्याचाच. मी तुझं तोंड बंद केलं आणि वर हसलो. माझ्या बायकोने मला माणूस केलं, आणि मी तुला…" पुढचं त्याला जमलं नाही.

सियामी रडत होती, पण तिच्या चेहऱ्यावर माफीबिफी काही दिसत नव्हती. अकरा वर्षं म्हणजे काही थोडी नाहीत.

"आता मला जमेल की नाही ठाऊक नाही, पु," ती म्हणाली. "तोंड उघडलं की लोक हसल्याचा आवाज येतो मला. अजूनही येतो."

"जमलं तर ये. नाही जमलं तर नाही. मी सांगायला आलो होतो, मागायला नाही."

हे तो म्हणाला खरं, पण घरी जाताना त्याने दोनदा मागे वळून बघितलं. त्या दिवशी संध्याकाळी सियामी आली नाही. लोकांनी पुस्तकातून दोन गीतं म्हटली, चहा प्यायले आणि इकडचं तिकडचं बोलत बसले. हौलियाना दाराकडे बघत होता. थनचुंगा हळूच म्हणाले, "उद्या शेवटची संध्याकाळ, पु. उद्या तरी नीट गायला हवं. पीसाठी." ते टोमण्याने म्हणाले नव्हते, आणि म्हणूनच ते जास्त लागलं.

शनिवारी चारचा भात उरकून गाव लवकर जमलं. थंडीत तिथे लवकर अंधारतं, पाच वाजायच्या आत कंदील लागले. ओसरीतसुद्धा माणसं बसली. मुलींचा घोळका आला, त्यात सगळ्यांत मागे सियामी होती. ती दाराशीच बसली, कुणाकडे न बघता. हौलियाना मेंगीच्या शेजारी जमिनीवर बसला होता. मोढा रिकामा होता.

थनचुंगांनी पुस्तक उघडलं. हौलियाना म्हणाला, "राहू द्या."

"मग?"

"ढोल सुरू करा."

ढोलवाल्याने थनचुंगांकडे बघितलं, थनचुंगांनी छताकडे बघितलं, आणि ढोल सुरू झाला. संथ, दोन जड ठोके आणि एक हलका. कुठलं गीत ते सगळ्यांना कळलं, तेच परवाचं. ओळ येण्याची वेळ झाली आणि निघून गेली. ढोल पहिल्यापासून फिरला. सगळं घर हौलियानाकडे बघत होतं. आज त्याला ओळी आठवत होत्या. पहिली आठवत होती, शेवटची आठवत होती, परवा बुडालेली ती तिसरीही आठवत होती. त्या घशात येऊन उभ्या होत्या, आणि त्याने दात दातावर दाबून धरले. मेंगीने त्याचं मनगट पकडलं. वेळ पुन्हा आली आणि पुन्हा गेली. कुणीतरी चुळबुळ केली. दाराशी कुणीतरी हुंदका गिळला. तो सियामीचा होता की दुसऱ्या कुणाचा, हे त्याला कळलं नाही, आणि त्याने मान वळवून बघितलंही नाही. बघितलं असतं तर ती पुन्हा कप विसळायला उठून गेली असती, असं त्याला वाटलं.

तिसऱ्या फेरीला दारातून आवाज आला. बारीक, थरथरता, पण शब्द न शब्द कळेल असा. तिने पहिली ओळ सांगितली.

कुणी हसलं नाही. घराने ओळ उचलली, ढोलाला बळ आलं, ओसरीतले पुरुष खालच्या सुरात मिसळले. तिने दुसरी सांगितली, मग तिसरी, आणि प्रत्येक ओळीगणिक आवाज सावरत गेला. मुलींनी सरकून तिला पुढे वाट करून दिली. ती मोढ्यावर बसली नाही, त्याच्या बाजूला जमिनीवर बसली.

हौलियानाला आता काही करायचं नव्हतं. चाळीस वर्षांत शोकाच्या घरी त्याला कधी नुसतं बसायला मिळालं नव्हतं. पुढची ओळ डोक्यात धरून ठेवायची तर रडता येत नाही, म्हणून तो आईच्या मयताला रडला नव्हता, भावाच्या मयताला रडला नव्हता, आणि परवा बायकोसमोर बसूनही रडला नव्हता. आता पुढची ओळ दुसऱ्या कुणाकडे होती. सगळं घर गात असताना तो मेंगीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडू लागला. लहान पोरासारखा, मोठ्याने, बेसूर. मेंगी त्याला धरून बसली.

चौथ्या कडव्यात सियामीची एक ओळ चुकली, असं थनचुंगा अजून सांगतात. चूक मोठी होती, कुणालाही कळेल अशी, आणि सगळ्यांनी घाबरून हौलियानाकडे बघितलं. त्याने ती ऐकलीच नव्हती.